व्हर्च्युअल टूरच्या आधी नोंदवही उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातलं, एका विश्वस्त संस्थेचं संग्रहालय, सुमारे 3,200 वस्तू, एक पूर्णवेळ लिपिक, एक अर्धवेळ मदतनीस आणि तुम्ही मानद अभिरक्षक. एका विश्वस्तांनी 360 अंशांच्या व्हर्च्युअल टूरचं कोटेशन आणलंय, कार्यकारिणीला ते वर्धापनदिनाच्या आत हवंय आणि तुम्हाला वाटतंय की कामाची सुरुवात शेंड्याकडून होतेय. खजिनदारांची शंका वेगळीच: सगळं घरबसल्या दिसायला लागलं तर तिकीट काढून येणार कोण?

संग्रहालयांच्या नोंदी लावणं आणि त्यातून प्रदर्शनं उभी करणं हेच माझं गेली बरीच वर्षं काम आहे, त्यातही जास्त करून तुमच्यासारख्या छोट्या संस्थांमध्ये. सुरुवात शेंड्याकडून होतेय हे तुमचं म्हणणं मला पटतं. पण कार्यकारिणीला समजावताना 'अजून आपली तयारी नाही' एवढंच म्हणालात तर कोटेशन मंजूर होईल, कारण त्यांच्या हातात काहीतरी ठोस कागद आहे आणि तुमच्या हातात नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथे दोन कामांची गल्लत होतेय. एक काम म्हणजे ऑनलाइन प्रदर्शन. ते आजच्या प्रेक्षकासाठी, आणि सहा महिन्यांनी बदललं तरी चालतं. दुसरं म्हणजे संग्रहाचं डिजिटल जतन: प्रत्येक वस्तूची माहिती, फोटो, स्थिती, जागा, ती कुणाकडून आली त्याचा कागद, हे सगळं अशा रीतीनं ठेवणं की आणखी वीस वर्षांनी तुमच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला ते उघडता यावं आणि त्यावर विश्वास ठेवता यावा. फोटो दोन्हीकडे तेच वापरले जातात, म्हणून दोन्ही कामं एकच वाटतात. पहिलं काम उद्‌घाटनाला दाखवता येतं. दुसरं कुणाला दिसत नाही, म्हणून त्याला पैसे मिळत नाहीत. पण पहिलं काम दुसऱ्यावरच उभं राहतं.

तुमच्याकडे नेमकं काय शक्य आहे हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे: नोंदवही किती पूर्ण आहे, वस्तू संस्थेच्या नावावर आहेत की काही 'ठेवायला दिलेल्या' आहेत, लिपिकाला संगणकाची भीती आहे की आवड, आणि संस्थेला दरवर्षी थोडा खर्च झेपणार आहे का. मी इथून तुमची नोंदवही पाहू शकत नाही. तरी अशा बऱ्याच नोंदवह्या पाहिल्यामुळे काय निघेल याचा अंदाज सांगू शकते.

त्यात एक ओळ अशी असेल: 'पितळी दिवा, जुना, 1 नग'. पुढचीही तशीच, त्यापुढच्या आठदहाही. शेल्फवर चौदा पितळी दिवे असतील. एका दिव्याच्या बुडाशी तैलरंगानं '112' लिहिलेलं असेल, देणगीदारांच्या काळातला क्रमांक. त्याच्या शेजारी कागदी चिठ्ठीवर '2/47', म्हणजे कधीतरी विभागवार नवी यादी झाली तेव्हाचा. आणि सध्याच्या नोंदवहीत तोच दिवा बहुधा 640 असेल, किंवा 640 वेगळाच असेल. आता या दिव्याचा सुंदर त्रिमितीय फोटो काढून वेबसाइटवर चढवलात तर त्याखाली क्रमांक कुठला लिहिणार? 'जुना' म्हणजे किती जुना? समई, लामणदिवा की ठाणवई? खाली नाव लिहायची वेळ आली की हे प्रश्न पडतातच, आणि त्यांची उत्तरं एजन्सीकडे नसतात.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. 2023 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधून सुमारे दोन हजार वस्तू चोरीला गेल्याचं, हरवल्याचं किंवा खराब झाल्याचं उघड झालं. त्यातल्या बऱ्याच वस्तूंची नीट नोंदच नव्हती, त्यामुळे काय गेलं हे ठरवणंच अवघड होऊन बसलं. दोनच महिन्यांनी त्यांनी सगळा संग्रह पाच वर्षांत डिजिटल करायची योजना जाहीर केली. त्यासाठी सुमारे 24 लाख नोंदी नव्यानं चढवायच्या किंवा सुधारायच्या होत्या. एवढ्या श्रीमंत संस्थेलाही शेवटी नोंदवहीपाशीच यावं लागलं.

आता जे सहसा कुणी लिहीत नाही ते लिहिते. छोट्या संग्रहालयांत डिजिटायझेशन रखडतं त्याला माझ्या मते पैशांपेक्षा मोठं कारण आहे, आणि ते म्हणजे भीती. डिजिटायझेशन म्हणजे शेवटी मोजदाद. एकेक वस्तू कपाटातून काढायची, नोंदीशी ताडून पाहायची, फोटो काढायचा. मोजदाद म्हटली की तफावत निघणार: नोंद आहे आणि वस्तू नाही, किंवा वस्तू आहे आणि नोंद नाही. आपल्याकडे संग्रह 'चार्ज'मध्ये असतो. आधीच्या माणसानं चार्ज दिला, पुढच्यानं यादीवर सही करून घेतला, प्रत्यक्ष मोजून कुणीच घेतला नाही. अशा तीन-चार सह्यांनंतर आज ज्याच्या नावावर चार्ज आहे, त्याच्या हातून जर निघालं की चांदीची अत्तरदाणी कपाटात नाही, तर पहिला संशय कुणावर? त्याच्यावरच. मग तो काम टाळतो. 'कपाटाची किल्ली सापडत नाही', 'पावसाळ्यात वस्तू बाहेर काढायला नकोत', 'साहेबांना विचारून सांगतो', ही सगळी त्या भीतीची रूपं आहेत. त्याला आळशी म्हणणं अन्यायाचं होईल.

म्हणून कॅमेरा घेण्याआधी कार्यकारिणीत एक ठराव करून घ्या. त्यात स्पष्ट लिहा की ही पडताळणी संस्थेच्या सूचनेवरून होत आहे, तीत आढळणारी तफावत ही पूर्वीपासूनची समजली जाईल आणि ती नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्यावर केवळ नोंदवली म्हणून कारवाई होणार नाही. शिवाय पडताळणीच्या वेळी दोन माणसं हजर असतील आणि रोजच्या पानावर दोघांच्या सह्या होतील, हेही. मसुदा तुमच्या वकिलांना दाखवून घ्या, कारण विश्वस्त संस्थेच्या मालमत्तेचा प्रश्न आहे आणि मोठी तफावत निघाली तर पुढे धर्मादाय कार्यालय आणि पोलिसांपर्यंत जावं लागू शकतं. हा एक कागद झाला की लिपिकाचा हात मोकळा होतो. किल्ल्या कशा भराभर सापडतात ते तुम्हीच पाहाल.

पुढचा घोळ भाषेचा, आणि इंग्रजी मार्गदर्शक पुस्तिकांत त्याची काडीमात्र मदत होत नाही. तुमच्याकडे 2000 च्या आसपास कुणीतरी यादी टाइप केली असेल तर ती बहुधा श्रीलिपीत, शिवाजी फाँटमध्ये नाहीतर सी-डॅकच्या सुरेखसारख्या फाँटमध्ये असेल. तो फाँट संगणकावर नसेल तर फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, आणि लोक 'फाइल करप्ट झाली' म्हणून सोडून देतात. ती बहुतेकदा करप्ट नसते. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलणारे कन्व्हर्टर मिळतात. पण रफार, जोडाक्षरं आणि आकडे यांत चुका राहतात, तेव्हा बदललेली यादी मूळ छापील प्रतीशी वाचून पाहणं आलंच.

युनिकोडमध्ये आल्यावरही सगळं सुरळीत होतं असं नाही. 'सुऱ्या' या शब्दातला अर्धा ऱ संगणकात दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ वापरलेला असतो, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकलेलं असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. तुम्ही 'सुऱ्या' शोधलंत आणि निम्म्याच सुऱ्या आल्या तर बाकीच्या चोरीला गेल्या असं समजू नका, आधी हे तपासा. 'ॲ'चंही तसंच. सुरुवातीलाच एक पद्धत ठरवा, सगळ्यांच्या संगणकावर तोच कीबोर्ड लावा आणि जुन्या नोंदी एकदाच एकसारख्या करून घ्या.

वस्तूंच्या नावांचंही ठरवायला हवं. जुन्या इंग्रजी रजिस्टरमध्ये 'बीटल-नट कटर', नव्या मराठी यादीत 'अडकित्ता', आणि देणगीदाराच्या पत्रात आणखी एखादं घरगुती नाव. तिन्ही ठेवा, वेगवेगळ्या रकान्यांत: एक प्रमाण नाव, एक स्थानिक नाव, एक जुन्या नोंदीतलं जसंच्या तसं. तारखांनाही हाच नियम. कागदावर शके 1672 असेल तर तेच लिहा आणि शेजारच्या रकान्यात 1750-51. आपलं वर्ष चैत्रात बदलतं, तेव्हा महिना माहीत नसेल तर दोन्ही सनं लिहावी लागतात. मोडी कागदांत सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीतली एक कालगणना, आला की जाणकारालाच विचारा. मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागा 2014 साली मिळाली. पण छोट्या संस्थेनं आत्ता मोडीत टाइप करण्याच्या फंदात पडू नये असं माझं मत आहे. कागदाचा चांगला फोटो आणि देवनागरीत चार ओळींचा सारांश पुरे.

रकाने किती ठेवायचे? डब्लिन कोअर नावाचा आंतरराष्ट्रीय साचा 15 रकान्यांचा आहे. त्याला क्रमांक, ठिकाण, स्थिती आणि प्राप्तीचा तपशील जोडलात की तुमचं भागतं. साध्या एक्सेलमध्ये सुरू करा. सॉफ्टवेअर नंतर ठरवता येईल. संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅकनं 'जतन' नावाची प्रणाली तयार केली आहे. ती केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या राष्ट्रीय संग्रहालयांत वापरली जाते आणि तिच्यावरच्या नोंदी 'म्युझियम्स ऑफ इंडिया' या पोर्टलवर पाहता येतात. मुक्त स्रोतांतलं 'ओमेका' छोट्या ऑनलाइन प्रदर्शनांना बरं पडतं. तुमची यादी स्वच्छ असेल तर यांपैकी कशातही नेता येते. नसेल तर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तो कचराच राहतो, फक्त दिसायला देखणा.

फोटोंबद्दल फार लिहीत नाही, कारण ते शिकवणारे पुष्कळ आहेत. एवढंच सांगते की वस्तू एकदाच बाहेर काढा. तेवढ्यात क्रमांक तपासा, मापं घ्या, स्थिती लिहा, फोटो काढा आणि परत ठेवा. वस्तूंचं बरंचसं नुकसान हाताळताना होतं. वस्त्रं आणि कागदावरची चित्रं प्रकाशानं फिकी पडतात. त्यांना दालनात साधारण 50 लक्सच्या (लक्स हे प्रकाशाचं माप) पुढे प्रकाश देऊ नये असा संकेत आहे, तेव्हा दिवे लावून पैठणी टेबलावर तासभर पसरून ठेवू नका. पितळ आणि चांदी चकाकते. दिवा थेट वस्तूवर न मारता पांढऱ्या कापडातून किंवा ट्रेसिंग पेपरमधून येऊ द्या. प्रत्येक फोटोत मोजपट्टी आणि रंगपट्टी हवी, नाहीतर बोटभर वाटी पातेल्याएवढी दिसते. फाइलचं नाव म्हणजे वस्तूचा क्रमांक, 'दिवा फायनल नवीन 2' नव्हे. सवय झालेली दोन माणसं अशा पद्धतीनं दिवसाला पंचवीस-तीस वस्तू करतात. म्हणजे तुमच्या 3,200 वस्तूंना, इतर कामं सांभाळून, वर्ष धरा. वर्धापनदिनाआधी सगळा संग्रह होणार नाही हे कार्यकारिणीला आत्ताच सांगा.

साठवणुकीचा हिशोब लोक मांडत नाहीत म्हणून मांडते. 24 मेगापिक्सेलचा एक फोटो टिफ स्वरूपात, काहीही न दाबता (म्हणजे कॉम्प्रेस न करता) ठेवला तर सुमारे 72 एमबी होतो. वस्तूमागे तीन फोटो धरले तर 3,200 वस्तूंचे सुमारे 700 जीबी. आज हे फार नाही, एका हार्ड डिस्कमध्ये मावतं, आणि धोका तिथेच आहे, कारण मग ते एकाच हार्ड डिस्कमध्ये राहतं. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक इमारतीबाहेर, शक्यतो गावाबाहेर. दिल्लीचं राष्ट्रीय प्राकृतिक इतिहास संग्रहालय एप्रिल 2016 मध्ये जळालं, ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय सप्टेंबर 2018 मध्ये. ब्राझीलमध्ये आगीनंतर विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केलं की तुम्ही कधी तिथे फोटो काढले असतील तर पाठवा. मूळ वस्तू आणि तिचा फोटो एकाच छपराखाली असेल तर त्या फोटोचा उपयोग अर्धाच.

प्रत ठेवली म्हणजे ती उघडतेच असंही नाही. वर्षातून एकदा, दसऱ्याला म्हणा, शस्त्रांबरोबर हार्ड डिस्कचीही पूजा करा आणि मग ती प्रत्यक्ष लावून बघा. फाइल बदलली नाही हे तपासायला 'चेकसम' नावाची सोय असते. कॉलेजातला एखादा संगणकवाला मुलगा ती तासाभरात लावून देईल. पासवर्ड संस्थेच्या नावच्या ईमेलवर हवेत. मला भेटणाऱ्या निम्म्या संस्थांचं फेसबुक पान कुणा माजी कर्मचाऱ्याच्या खासगी खात्याला जोडलेलं असतं आणि तो आता पुण्यात वेगळ्याच नोकरीत असतो. नेटवर कायम जोडलेली नाही अशी एक प्रत असलेली बरी. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला आणि त्यांचा ऑनलाइन कॅटलॉग दोन महिन्यांहून अधिक काळ मिळेनासा झाला होता.

मग व्हर्च्युअल टूर करायचीच नाही का? जिथे इमारतच मुख्य वस्तू आहे तिथे करावी. पुण्याच्या केळकर संग्रहालयात मस्तानी महालाची दालनासारखी मांडणी आहे. तशा जागेत उभं राहण्याचा अनुभव टूर देऊ शकते, आणि जिने चढू न शकणाऱ्यांना त्याचा खरा फायदा होतो. तुमचं संग्रहालय जुन्या वाड्यात असेल तर त्या वाड्याची टूर करा. पण काचेच्या कपाटांच्या रांगा असलेल्या सभागृहाची 360 अंशांची टूर म्हणजे काचेवरचे प्रतिबिंबित ट्यूबलाइट आणि वाचता न येणाऱ्या पाट्या. त्यात भर म्हणजे कॅमेरे कुठे आहेत, मागचं दार कुठल्या बाजूला आहे आणि कुठल्या कपाटाला साधं कुलूप आहे, हे सगळं कुणालाही निवांत पाहता येतं. टूर केलीत तरी चित्रण कपाटांच्या कुलपांवरून आणि दारांवरून फिरणार नाही हे एजन्सीला लेखी सांगा.

हक्कांचा मुद्दा बहुतेक संस्था शेवटी आठवतात. वस्तू तुमची म्हणजे तिची प्रतिमा छापायचा हक्कही तुमचा, असं नेहमी नसतं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे असतो. म. वि. धुरंधर 1944 साली गेले, तेव्हा त्यांची चित्रं आता मुक्त आहेत. वासुदेव गायतोंडे 2001 साली गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क 2061 अखेरपर्यंत चालेल. गावातल्या एखाद्या ड्रॉइंग मास्तरांनी 1970 मध्ये काढलेलं आणि संस्थेला भेट दिलेलं चित्र असेल, तर त्यांच्या मुलांकडून दोन ओळींची परवानगी आणा. ती सहसा आनंदानं मिळते. 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली ज्या प्रकारच्या वस्तूंची नोंदणी लागते ती झालेली आहे का, हेही ऑनलाइन जाण्याआधी पाहून घ्या. एकदा मूर्तीचा फोटो जगासमोर गेला की 'ही तुमच्याकडे कशी आली?' हा प्रश्न येणारच. उत्तराचा कागद फाइलमध्ये असलेला बरा.

सगळंच दाखवायचं असतं असंही नाही. जुन्या नोंदींत जातींची आणि जमातींची अपमानकारक नावं असतात, ती जनरीत म्हणून तेव्हा लिहिली गेली. अंतर्गत नोंदीत ती जशीच्या तशी ठेवा, कारण तोही इतिहासाचा पुरावा आहे, पण लोकांसमोरच्या पाटीवर ती नकोत. एखाद्या घराण्याचे देव्हाऱ्यातले टाक असतील तर त्या घराण्याला विचारून मगच चढवा. कायद्यानं कदाचित विचारावं लागत नसेल. तरी गावात राहायचंय.

उलट, ज्या वस्तूंवर कुणाचाच हक्क उरलेला नाही त्यांचे फोटो भल्यामोठ्या वॉटरमार्कनं झाकू नका. 'लोक डाउनलोड करून कपांवर छापतील' ही भीती मला प्रत्येक बैठकीत ऐकू येते. छापू देत. ॲमस्टरडॅमच्या रिक्सम्युझियमला असा अनुभव आला की व्हर्मीरच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या चित्राच्या पिवळट, वाईट प्रती इंटरनेटवर हजारोंनी पसरल्या होत्या, इतक्या की संग्रहालयाच्या दुकानातल्या पोस्टकार्डावरचे खरे रंग लोकांना खोटे वाटायला लागले. त्यावर उपाय म्हणून त्यांनी स्वतःच उत्तम प्रती मोकळ्या केल्या. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनं फेब्रुवारी 2017 मध्ये पावणेचार लाख प्रतिमा कुणालाही कशासाठीही वापरायला दिल्या. तुम्ही चांगला फोटो दिला नाहीत तर कुणीतरी मोबाइलनं काचेतून काढलेला वाईट फोटो फिरतच राहील, आणि त्यावर तुमच्या संस्थेचं नावही नसेल.

इथवरचं एकत्र सांगायचं तर क्रम असा: ठराव, पडताळणी, एकसारखी यादी, फोटो, तीन प्रती, हक्कांची तपासणी, आणि मग प्रदर्शन. पण सगळा संग्रह पुरा होईपर्यंत प्रदर्शनासाठी थांबायची गरज नाही. हाच क्रम तीस वस्तूंसाठी पाळा आणि वर्धापनदिनाला तेवढंच दाखवा. कार्यकारिणीला उद्‌घाटन मिळतं, तुम्हाला पद्धत बसवून घेता येते.

कुठल्या तीस वस्तू, तर एका सूत्रात बसणाऱ्या. समजा पानसुपारी घेतलीत: अडकित्ते, पानदान, चुन्याची डबी, पिकदाणी, लग्नातल्या विड्याचं तबक. 'दालन क्रमांक 2 मधील निवडक वस्तू' असल्या नावाचं पान कुणी दुसऱ्यांदा उघडत नाही. प्रत्येक वस्तूखाली साठ-सत्तर शब्द पुरेत, आणि पहिल्या वाक्यात डोळ्यांना दिसणारी गोष्ट सांगा. 'हा अडकित्ता अठराव्या शतकातील असून पितळेचा आहे' यापेक्षा 'याच्या मुठीवरचे दोन पोपट पातं मिटलं की चोचीला चोच लावतात' हे वाचून माणूस फोटो मोठा करून बघतो. शतक आणि धातू खाली रकान्यात असतातच. वर्णनं एआयकडून लिहून घ्यायचा सल्ला कुणीतरी देईल. मसुद्याला हरकत नाही, पण वस्तू हातात न घेता लिहिलेलं वर्णन लगेच ओळखू येतं, आणि न पाहिलेल्या नक्षीबद्दल ते बिनधास्त ठोकून देतं. गावातल्या एखाद्या आजींना अडकित्ता हातात देऊन दोन मिनिटं बोलतं करा आणि तो आवाज सोबत जोडा. असा आवाज मोठ्या शहरातल्या संग्रहालयांकडेही सहसा नसतो.

पान मोबाइलवर, कमी रेंजमध्ये उघडायला हवं, कारण तुमचा प्रेक्षक ते व्हॉट्सॲपवरून आलेल्या लिंकवर उघडणार. प्रत्येक फोटोला मजकुरातलं वर्णन जोडा म्हणजे दृष्टिहीन वाचकालाही कळेल. खाली एक ओळ ठेवा: 'या वस्तूबद्दल तुम्हाला काही माहिती असल्यास कळवा.' आणि आलेल्या पत्रांना उत्तर कोण देणार हे आधी ठरवा. कोविडच्या काळात, 2020 मध्ये, युनेस्कोच्या अंदाजानं जगातली सुमारे 90 टक्के संग्रहालयं बंद होती आणि ज्यांना शक्य होतं ते सगळे घाईघाईनं ऑनलाइन आले. त्यातली कितीतरी पानं आज तशीच पडून आहेत. एखाद्याचा प्रश्न चार वर्षं अनुत्तरित दिसतो. त्यापेक्षा पान नसलेलं परवडलं.

खजिनदारांच्या शंकेला माझं उत्तर असं आहे. अडकित्त्याचा फोटो पाहून ज्याचं समाधान झालं तो मुळात तुमच्या गावापर्यंत येणार नव्हता. येणारा माणूस आधी मोबाइलवर बघून मगच यायचं की नाही ते ठरवतो. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय ही दोन्ही गूगल आर्ट्स अँड कल्चरवर आहेत, आणि त्यांच्या दाराशी शाळांच्या सहली थांबल्याचं काही मी पाहिलेलं नाही. मात्र ऑनलाइन प्रदर्शनातून तिकिटाइतकं उत्पन्न येईल ही आशाही त्यांना दाखवू नका. येतील ती पत्रं, दुरुस्त्या आणि देणग्या. माझा अनुभव असा की परदेशात स्थायिक झालेली गावची मंडळी असं पान पाहून जुन्या वस्तूंबद्दल विचारतात, आणि काही जण घरातल्या वस्तू देऊही करतात.

शेवटी ते कोटेशन. फेकून देऊ नका, एजन्सीला चार गोष्टी लेखी विचारा. मूळ फाइली, न दाबलेल्या, संस्थेला मिळणार का आणि कधी? टूर कुठल्या सॉफ्टवेअरवर चालते, आणि ती कंपनी बंद पडली तर पान उघडेल का? ॲडोबीनं 2020 च्या शेवटी फ्लॅश बंद केलं तेव्हा त्यावर बांधलेली प्रदर्शनं एका रात्रीत मुकी झाली, तेव्हा हा प्रश्न कल्पनेतला नाही. डोमेन कुणाच्या नावावर नोंदवणार? ते संस्थेच्याच नावावर हवं. आणि दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाचा खर्च किती? बहुतेक कोटेशनांत हा शेवटचा आकडा नसतो. तो लिहून आल्यावर कार्यकारिणीपुढे ठेवा. सोबत तुमच्या तीस वस्तूंच्या प्रदर्शनाचा खर्चही मांडा: साधा कॅमेरा भाड्यानं, दोन दिवे, रंगपट्टी, दोन हार्ड डिस्क, क्लाउडची वर्षाची वर्गणी, लिपिकाचा जादा भत्ता. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या संग्रहालय अनुदान योजनेत डिजिटायझेशनसाठीही अर्ज करता येतो. तुमची संस्था निकषांत बसते का ते पाहा, पण अर्जासोबत संग्रहाची नीट यादी तयार असेल तरच तो भरायला बसा.

नोंदवहीची दोन-चार पानं फोटो काढून पाठवलीत, देणगीदारांची नावं झाकून, तर रकाने कसे पाडायचे ते मी तुमच्याच उदाहरणांवर दाखवू शकेन.